कोणाचा पेला कोणाच्या घरी

१४ ऑक्टोबर १९७९, रविवार. रिसोड.

दिवाळी आठवड्यावर आली आणि पितळेची भांडी अजून काळीच, म्हणून आज सकाळपासून अंगणात चिंच आणि राख घेऊन बसले होते. पराती झाल्या, तांबे झाले, डबे झाले. शेवटी पेले काढले. सहा माझे, लग्नातले, सहांवरही यजमानांचं नाव. सातवा माझा नाही. बुटका, जाड बुडाचा, काठाला एके ठिकाणी चेपलेला. त्यावर नाव नाही. बुडाजवळ आरीनं ओढलेल्या तीन रेघा आहेत. तो घासून झाला, भांडी उन्हात पालथी घातली आणि आत येऊन हे लिहायला घेतलं. तीन वर्षं हा पेला माझ्याकडे आहे. तो माझ्याकडे कसा आला, हे एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

ज्या बाईचा तो आहे तिचं नाव लिहीत नाही. तिला ते आवडायचं नाही. गाव तिला बुढीमाय म्हणायचं. ती दाई होती आणि मी त्याच गावची सरकारी नर्स. इंझोरीहून पुढे कच्च्या रस्त्यानं गेलं की लागणारं ते लहान गाव. बहात्तर साली माझी तिथे बदली झाली तेव्हा मी सदतिशीत होते, आणि आपल्याला कामातलं सगळं कळतं असं मला वाटत होतं.

तिची-माझी पहिली भेट दायांच्या प्रशिक्षणात झाली. हात कसे धुवायचे, नाळ कापायचं पातं किती वेळ उकळायचं, हे मी शिकवायचं आणि शेवटी प्रत्येकीला सरकारकडून आलेली ॲल्युमिनियमची पेटी द्यायची. बुढीमायनं पेटी हातात घेतली, उघडली, कात्री, दोरा, साबण, पातं सगळं धुतलेल्या फडक्यात गच्च बांधलं आणि रिकाम्या पेटीत स्वतःचा तंबाखू आणि चुन्याची डबी ठेवली.

"पेटी कशासाठी दिली, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं.

"ठाव हाये. पन झाकन ढिलं हाये, बाई. धूळ जाते आतमंदी. तंबाखूले धूळ चालते, लेकराले चालत नाही."

मी माझ्याजवळच्या पेट्या उघडून पाहिल्या. झाकणं खरंच ढिली होती. इतक्या दाया ती पेटी डोक्यावर मिरवत घरी गेल्या. कोणालाच हे दिसलं नव्हतं, मलाही नाही.

महिन्याभरानं एका बाळंतपणाला आम्ही दोघी गेलो. मी हात धुऊन आत शिरणार, तोच तिनं दारात आडवा हात घातला.

"नखं."

माझ्या करंगळीचं नख वाढलेलं होतं.

"अगं, ती आत कण्हते आहे!"

"कन्हू द्या. तिले अजून येळ हाये. तुमीच शिकवलं, नखं कापाचे. शिकवनारीले माफी हाये काय?"

मी उंबऱ्याबाहेर बसून त्या घरच्या दाढीच्या पात्यानं नख कापलं, पुन्हा हात धुतले, मग तिनं मला आत घेतलं. तेव्हा रागच आला होता. पण त्यानंतर आजपर्यंत माझं नख कधी वाढलेलं नाही.

उंबऱ्याच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, तेव्हा तिनं गावाला एक अट घातली होती. त्याआधी बाळंतपण झालं की दाईचं सूपभर धान्य ओट्याखाली ठेवून देत. ती म्हणाली, लेकरू मी आत येऊन काढते, तर दाणेही आतच द्या. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याकडेही ती बाळंतपणाला जायची, पण धान्याला हात लावायची नाही. निघताना ओट्यावर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "लेकरू फुकट देल्लं व बाई यायले!" फुकटात मिळालेलं लेकरू कोणालाच नको होतं. वर्षभरात सगळ्या घरांनी धान्य आत दिलं.

खुर्चीत ती कधी बसली नाही. खुर्चीत बसलं की माणूस ऐकायचं सोडतं, असं तिचं म्हणणं. आणि तिच्यासमोर 'बिचारी' हा शब्द उच्चारायला बंदी होती. जी उच्चारेल तिनं उठून एक गाणं म्हणायचं. "बिचारी म्हनलं का तुमाले वाट्टे, काम झालं," असं ती म्हणायची. मी पाच-सहा वेळा सापडले. मला शाळेतली एकच प्रार्थना येत होती, आणि आवाज म्हणजे काय सांगावं. शेवटी बायकांनीच हात जोडून माझ्यासाठी माफी मागितली.

आता पेल्यांचं. आमचं उपकेंद्र म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. मूळचं ते पाटलांचं जुनं कोठार, सरकारनं भाड्यानं घेतलेलं. त्याची मागची भिंत पाटलांच्या अंगणाला लागून होती आणि त्या भिंतीला एक लहान दार होतं. हे लक्षात असू द्या.

बाजाराच्या दिवशी रोजाला सुट्टी आणि पुरुषमंडळी बाजारात, म्हणून त्या दुपारी मी लेकरांची वजनं घ्यायला बायकांना बोलवायची. सरकारी काटा आला नव्हता. कापसाच्या व्यापाऱ्याकडून लोंबता काटा मागून आणला होता, त्याला झोळी अडकवायची. चार बायका यायच्या. बुढीमाय म्हणाली, "कापसाच्या काट्याले कोन येईन, बाई? पाह्यनाऱ्याले वाट्टे लेकरू इकाले काढलं. आंधी गानं ठेवा, मंग काटा."

गाणं तिनंच ठेवलं. बौद्धवाड्यातली गोदा नावाची रोजानं जाणारी एक बाई होती. तिचा गळा असा होता की ती पडवीत गायली की बाजारातून येणारी माणसं वाटेत थांबायची. दोन महिन्यांत वीस-पंचवीस बायका यायला लागल्या. बौद्धवाड्यातल्या, कुणब्यांच्या, माळ्यांच्या, तांड्यावरच्या दोघी-तिघी. आधी गाणी, मग वजनं आणि शेवटी वाटणी. वाटणी म्हणजे कोणाच्या घरी बाळंतीण एकटी आहे, कोणाची सासू पडून आहे, तिथे कोण जाणार हे ठरवायचं. बुढीमाय विचारायची, "कोन जाते?" आणि गप्प बसायची. ती तशी गप्प बसली की फार वेळ कोणाला सोसत नसे. कोणीतरी हात वर करायचंच.

पाण्याचं तिनं नंतर काढलं. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात; जास्त प्यायली तर पोट सुटतं म्हणतात. ओठ फाटलेल्या पोरी लेकराला पाजायला बसायच्या आणि दूध नाही म्हणून रडायच्या. मी समजावून थकले होते. बुढीमायनं समजावलं नाही. तिनं सांगितलं, येताना प्रत्येकीनं आपला पेला आणायचा आणि इथे, तिच्या डोळ्यांसमोर, दोन पेले पाणी प्यायचं. पाणी जवळच्या विहिरीचं, म्हणजे बौद्धवाड्यातल्या. काहीजणींनी घरून पाणी आणून पाहिलं. बुढीमायनं ते सरळ झाडाला घातलं. "हे तुह्या सासूनं मोजून भरलं असन," म्हणाली.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. पाणी पिऊन झाल्यावर सगळे पेले एका जागी घासले आणि बुढीमाय ते वाटायला बसली. पेल्यांवर नावं होती, पण तिला वाचता येत नव्हतं आणि घेणाऱ्यांनाही नाही. घरी गेल्यावर पुरुषांनी नावं वाचली. माळ्याच्या चुलीपाशी बौद्धवाड्यातला पेला, बौद्धवाड्यात कुणब्याचा, तांड्यावर तिसऱ्याचाच. गावात दोन दिवस बोंब होती.

मी तरातरा तिच्या घरी गेले.

"मले वाचता येते काय?" ती शांतपणे म्हणाली.

"मग पुढच्या वेळी मी वाचून वाटते."

"कायले? झालं ते बरं झालं. दुसरीचा पेला घरी असन तं वापस द्याले येईनच न थे. तुमीच म्हनत होत्या, बायका येत नाही म्हून."

ते खरं होतं. तेव्हापासून तोच नियम झाला. येताना दुसरीचा पेला आणायचा, जाताना हाताला येईल तो न्यायचा. काही घरांनी बायकांचं येणं बंद केलं, काहींनी तो एक पेला बाहेरच्या कोनाड्यात ठेवून भागवलं. बहुतेकांनी आठवडाभर कुरकुर केली आणि सोडून दिलं.

आपला पेला आज कोणाच्या हातात आहे, हे कळावं म्हणून बायका अक्षरं शिकायला लागल्या. पाटी-खडू काही नाही, पेल्यावरच बोट फिरवायचं. त्यात एक अडचण. पेल्यावर नाव नवऱ्याचं आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. मग प्रत्येकीनं दुसरीच्या नवऱ्याचं नाव वाचायचं ठरलं. असं सगळा गाव शिकून झाला, फक्त जिच्या-तिच्या नवऱ्याचं नाव तेवढं शेजारणीनं वाचून दिलेलं. तालुक्याच्या मासिक सभेत दुसऱ्या नर्सा मला विचारायच्या, तुझ्याकडे बायका येतात तरी कशा? मी सांगायची, पेला घेऊन येतात. त्यांना वाटे मी चेष्टा करते.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. घोळ झाल्यावर मी हुशारीनं स्टीलचा बिननावाचा ग्लास न्यायला लागले. बुढीमायनं तो उलटसुलट करून पाहिला. "सरकारी दिस्ते थो. कोनाच्याच घरचा नाही." सगळ्या हसल्या. पुढच्या बाजारी मी यजमानांच्या नावाचा पितळी पेला नेला. त्या दिवशी माझ्या वाट्याला बौद्धवाड्यातला आला. घरी आल्यावर तो मी दोनदा घासला. आज सांगायला बरं वाटत नाही, पण घासला.

पाटलांची धाकटी सून कमल. तिची मुलगी मंदा तेव्हा पाच महिन्यांची. मागच्या दारातून कमल दोनदा आली. दोन्ही वेळा काटा त्याच रेघेवर राहिला. पाच महिन्यांच्या लेकराला ते बरं नव्हे. घरी पाटलीणबाई तिला दिवसाला दोन लहान पेले पाणी द्यायच्या, सुंठ घालून. तिसऱ्या वेळी कमलच्या हाती घरी न्यायला गोदाचा पेला आला. पाटलीणबाईंनी नाव वाचून घेतलं, पेला गड्याकडून गोठ्यात ठेववला आणि मागच्या दाराला कडी घातली.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला पाटावर बसवलं, चहा दिला.

"मुलीचं वजन बघायला हवं," मी म्हटलं. "मानोऱ्याला डॉक्टरांकडे नेली तर बरं."

"आमच्या घरचे लेकरं लहानपनी बारीकच असतेत, बाई. हिचा बाप बी तसाच होता."

"कमलला पाणी तरी जास्त द्या."

"माहे तीन बाळंतपनं झाले मोजक्या पान्यावर. मी मेली काय?"

कमल खांबाला टेकून बसली होती. तिचे ओठ फाटले होते. मंदा मांडीवर होती आणि रडत नव्हती. भुकेलं लेकरू रडायचं सोडतं, तेव्हा नर्सला घाम फुटतो. मी परत आले आणि बुढीमायला सांगितलं. ती तंबाखू मळत राहिली.

"गोदीचा पेला आला नाही म्हना," एवढंच म्हणाली. मग पडवीत जमलेल्या बायकांना सांगितलं, "एक पेला कमी हाये. पेले पुरे होत नाही तवरोक गानं नाही."

दोन बाजार गाणं झालं नाही. वजनं झाली, वाटणी झाली, पण सगळं कोरडं. बायका चिडल्या. मीही चिडले. "तिकडे लेकरू वाळतंय," मी म्हटलं, "आणि तू एका पेल्यासाठी अडून बसलीस?"

"बाई, तुमाले सूप ऐकू येते काय?"

"कसलं सूप?"

तिनं मागच्या भिंतीकडे हनुवटी केली. पलीकडे पाटलीणबाई धान्य पाखडत होत्या. फटफट, फटफट, फटफट.

"गोदी गाते तवा थे सूप थांबते. सुरवातीपासून पाहून राह्यली मी. आता दोन बाजार झाले, सूप काई थांबलं नाही. बुढी उपाशी हाये." मग थोडा विचार करून म्हणाली, "तिले एक पाळना येते. तिच्या मायचा. तिघंही लेकरं झाले तवा मी ऐकला."

तिसऱ्या बाजारी तिनं गोदाला पडवीच्या मागच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसवलं. दोघींचं काय ठरलं होतं ते मला माहीत नव्हतं. गोदानं गळा मोकळा सोडला:

"पाळन्याची दोरी, मामीबाईनं वळली,
गाठ मामीनं मारली, सातव्या दिसी."

पडवीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पलीकडचं सूप थांबलं.

"काव गोदे!" भिंतीमागून आवाज आला. "मामी कुठून आली? दोरी आत्याची असते!"

"कोनी काई म्हनलं काय?" बुढीमाय मोठ्यानं म्हणाली. "वारा असन. म्हन गोदे, पुढं म्हन."

"कानात कुर्र केलं, शेजारच्या काकूनं,
नाव ठेवलं मामीनं, अकराव्या दिसी."

कडी खाडकन निघाली. पाटलीणबाई हातात सूप घेऊन तशाच दारात उभ्या. कपाळावर धुरळा, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"नाव मामी ठेवते? कोन्या गावात? आत्या काय मेली काय? अन् अकराव्या नाही, बाराव्या दिसी! सत्यानास करून राह्यली माह्या पाळन्याचा!"

"तुमचा हाये हा?" बुढीमायनं विचारलं. चेहरा इतका साधा की मीही फसले असते.

"माह्या मायचा हाये. तुले ठाव हाये, बुढे. तू होती न तिन्ही खेपेले."

"मी तं लेकरू काढाच्या गडबडीत. गानं कोन ध्यानात ठेवन, पाटलीनबाई? जेवढं आठोलं तेवढं गोदीले सांगतलं."

"ऐक मंग. बस खाली. गोदे, तू बी ऐक."

आणि पाटलीणबाईंनी उभ्यानं, सूप छातीशी धरून, तो पाळणा म्हटला. अकरा कडवी. आवाज म्हातारा होता, पण एक जागा चुकली नाही. पाचव्या कडव्यापासून गोदा हळूच खालच्या सुरात साथीला लागली. पाटलीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला थांबवलं नाही. अकरावं कडवं संपलं तेव्हा त्यांचा घसा बसला होता. ठसका लागला.

बुढीमायनं स्वतःचा पेला भरला, तो तीन रेघांचा, आणि त्यांच्यासमोर ठेवून दुसरीकडे पाहू लागली. सगळ्या पडवीनं दुसरीकडे पाहिलं. मीही काट्याची दोरी तपासू लागले.

पाटलीणबाईंनी पेला उचलला, ओठांना न लावता वरून धार धरली आणि पाणी प्यायल्या.

"वरून पेल्लं का खालून पेल्लं," बुढीमाय काट्याकडे पाहत म्हणाली, "पोटातच जाते."

कोणीतरी फिसकन हसलं. पाटलीणबाईंनी पेला खाली ठेवला, जरा जोरातच.

"झालं न? आता नीट म्हनत जा."

"म्हनतो," आता गोदा बोलली. उठून उभी राहिली. एरवी ती गाण्याशिवाय फार बोलत नसे. "पन पाटलीनबाई, माहा पेला राह्यला तुमच्या घरी. माह्या मायनं लग्नात देल्ला होता. तुमच्या मायचा पाळना चुकला तं तुमाले सोसलं नाही. मले बी माह्या मायचा पेला पाह्यजे."

हे बुढीमायनं शिकवलेलं नव्हतं. ते मला तिच्याच चेहऱ्यावरून कळलं. तंबाखू मळायचा तिचा अंगठा थांबला होता.

पाटलीणबाईंनी सुपातले चार दाणे बोटानं एका कडेला सारले. मग भिंतीकडे तोंड करून ओरडल्या, "कमल! गोठ्यातल्या कोनाड्यात पेला हाये, घेऊन ये. घासून आन. अन् पोट्टीले बी आन, करू दे वजन एकदाचं. या नरसबाईनं डोकं खाल्लं माहं."

कमल आली. आधी तिनं पेला गोदाच्या हातात दिला. गोदानं तो पदरानं पुसला, पाण्यानं भरला आणि परत तिच्यासमोर धरला. कमलनं सासूकडे पाहिलं नाही. पेला तोंडाला लावून एका दमात प्यायली. दुसरा भरला, तोही.

मी मंदाला झोळीत ठेवलं. वजन मागच्या वेळेपेक्षा कमी भरलं. मी आकडा मोठ्यानं वाचला. मागे एक बाई "बिचा—" म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"लेकराले दूध पाह्यजे, दुधाले पानी पाह्यजे," बुढीमाय म्हणाली. पहिल्यांदाच ती पाटलीणबाईंकडे सरळ पाहून बोलत होती. "तुमच्या गोठ्यात गाय व्याली, का तिले पानी मोजून देता काय?"

पाटलीणबाई सूप झटकू लागल्या.

"देता काय?"

"नाही."

"मंग?"

पाटलीणबाई वळल्या. त्या सूप घेऊन आल्या दारानं परत गेल्या. पण कडी घातली नाही.

त्यानंतर कमल दर बाजारी आली. तिसऱ्या खेपेला काटा हलला, सहाव्या खेपेला मंदा झोळीत रडली, अशी रडली की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. ते रडणं ऐकून पडवीतल्या सगळ्या बायका हसत होत्या. मी नोकरीत पुष्कळ लेकरं तोलली आहेत. त्या दिवशीचा आकडा मला अजून पाठ आहे.

पाटलीणबाई काही एका दिवसात बदलल्या नाहीत. गाणी सुधरायला म्हणून त्या येत, पण आपल्या पेल्याला लाल दोरा बांधून आणत, म्हणजे तो दुसरीकडे जाणार नाही. बुढीमाय तो बाजूला काढून न चुकता त्यांनाच परत द्यायची. असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी पेल्यावर दोरा नव्हता. कोणी काढला, कोणी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांचा पेला तांड्यावर गेला.

एकदा पेले घासताना एक पेला हातातून निसटून बुढीमायच्या मागे घरंगळला. तिनं मागे न पाहता हात घातला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा गोदीचा." मी दुसरा तिच्या हातात दिला. डोळे काट्याकडेच. "माळ्याच्या मोठीचा." तिसरा, चौथा. एकही चुकला नाही. चेप, काठ, वजन, सगळे पेले तिच्या हाताला पाठ होते.

"मग त्या पहिल्या दिवशी घोळ झाला कसा?" मी विचारलं.

तिनं पेला पालथा घातला. "सरकारी बाईले सगळंच कायले सांगू?"

शहात्तर साली माझी बदली रिसोडला झाली. शेवटच्या बाजारी बायकांनी मला ओवाळलं वगैरे, ते असतंच. पेले वाटताना बुढीमायनं आधी यजमानांच्या नावाचा माझा पेला शोधून मला परत दिला, मग माझ्या हातात तिचा तीन रेघांचा पेला ठेवला. मी काही बोलणार तोच म्हणाली, "नियम ठाव हाये न? वापस आनाचा असते." आणि पुढच्या बाईला पेला द्यायला वळली.

मी तो परत नेला नाही. आधी नवं उपकेंद्र, मग शिबिरं, मग मुलीचं लग्न. कारणं खरी आहेत, पण तीन वर्षं पुरतील एवढी नाहीत.

गेल्या आठवड्यात कमल भेटली. माहेरच्या लग्नाच्या खरेदीला रिसोडला आली होती. सोबत मंदा होती, दुसरीत जाते. उंच झाली आहे. मी बुढीमायचं विचारलं.

"दिसत नाही आता तिले," कमल म्हणाली. "पन पेले तीच वाटते. हातानं. दर बाजारी आंधी मोजते अन् म्हनते, एक कमी हाये. आमी म्हनलं, मंग गानं बंद ठेवाचं काय? तं म्हने, नाही. थो येऊन राह्यला. रस्त्यात हाये."

"तीन वर्षं असंच म्हणते?"

"दर बाजारी," मंदा मध्येच म्हणाली. "मी गेली होती सुट्टीत, तवा बी म्हनलं."

वरचं सगळं काल लिहिलं. आज सोमवार, त्या गावचा बाजार. सकाळी साडेपाचला उठून रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं आणि तो शेजारच्या शिपायाकडे दिला. तीन रेघांचा पेला फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. माझ्या सहांतला एक काढून तोही ठेवला; रिकाम्या हातानं तिथे बसता येत नाही. यजमानांनी चहा घेता घेता विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, पाणी प्यायला. मग मानोऱ्याकडे जाणारी पहिली एस. टी. गाठली; तिथेच बसून हे लिहिते आहे. फळीवर पाच पेले राहिलेत. सहाव्याच्या जागी आता कोणाच्या नवऱ्याचं नाव येतं, ते परत आल्यावर यजमानांनी वाचावं.